जुना लॅपटॉप भंगारात कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० साठीची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा नसल्यामुळे आमचा लॅपटॉप विंडोज ११ साठी अपात्र ठरला. ‘सर, आता नवा घ्या,’ असे दुकानदाराने सांगितले. परंतु सोयाबीनचे पैसे हाती येण्याआधीच वाटून गेलेले असतात, हे अंबाजोगाईत कुणाला सांगावे लागत नाही.

भाच्याने पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट हे विंडोजऐवजी संगणक चालवणारे मोफत सॉफ्टवेअर आणले. ते आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, त्यामुळे वाय-फाय, आवाज आणि कळफलक ठीक असल्याची खात्री करून, सर्व फाइली बाहेर काढून घेतल्यावरच आम्ही ते कायमचे बसवले. (फाइलींची प्रत न घेता हा उद्योग कुणीही करू नये.) मराठी इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून जोडता आला, लिब्रेऑफिसमध्ये पत्रे लिहिता येतात आणि बँकेचे काम ब्राउझरमधून होते.

अडचण आली ती जुन्या फाँटची. नॉन-युनिकोड, म्हणजे अक्षरांसाठीचे सामाईक जागतिक प्रमाण न पाळणाऱ्या, फाँटमध्ये टंकलेल्या माझ्या प्रश्नपत्रिका उघडल्या तेव्हा पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. हा दोष लिनक्सचा नाही. तो फाँट नसलेल्या कोणत्याही संगणकावर हेच होते. म्हणून शाळांनी व ग्रामपंचायतींनी मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा, आणि जुने संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालवून पाहावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई, जि. बीड