मॉरिशसचा पाहुणा आणि नेरूळ गाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘देश कोणाचा, आधी आलेल्यांचा की सगळ्यांचा’ या विषयावर आपल्या दैनिकात गेले काही दिवस पत्रे येत आहेत. बहुतेकांनी अमेरिकेचा दाखला दिला आहे. मला मॉरिशसबद्दल लिहावेसे वाटते, कारण तिथला एक माणूस गेल्या डिसेंबरात माझ्या घरी चहाला आला होता.

शेजारच्या काकूंच्या ओळखीचे ते गृहस्थ पन्नाशीचे. मराठी तिथल्या शाळेत शिकलेले. शब्द आठवला नाही की क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवर बेतलेली बोली, बोलायचे. हातात प्लास्टिकची फाइल आणि तीत करारावर मजूर म्हणून तिकडे गेलेल्या खापरपणजोबांच्या नोंदीची झेरॉक्स. क्रमांक, जहाजाचे नाव, वय, उंची, जात, उजव्या भुवईवर व्रण, जिल्हा रत्नागिरी. गावाचे नाव मात्र कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले. मी चिपळूणकडची, म्हणून त्यांना माझ्याकडे आणले होते. आम्ही दोघांनी ते नाव कितीतरी वेळा मोठ्याने म्हणून पाहिले. दोन गावांशी थोडे थोडे जुळते, पण नक्की कोणते ते सांगता येईना.

ते हिरमुसतील असे मला वाटले होते. पण ते म्हणाले, “असू दे मावशी, दोन्हीकडे जाऊन नारळ वाढवतो. मग घरी.” घर म्हणजे मॉरिशस, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

त्या बेटावर मूळचे असे कोणीच नव्हते. डच, फ्रेंच, इंग्रज पाठोपाठ आले. फ्रेंच अमलात मादागास्कर आणि मोझांबिककडून गुलाम आणले गेले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना माणसे हवीच होती, म्हणून १८३४ पासूनच कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईला उतरली. मजूर जिथे उतरत त्या तिथल्या आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. २००६ मध्ये त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. मजूर आल्याची आठवण म्हणून २ नोव्हेंबरला सुट्टी असते, आणि गुलामी संपल्याची १ फेब्रुवारीला.

या दोन सुट्ट्यांबद्दल बोलताना पाहुण्यांचा आवाज उतरला. “माझ्याकडे हा कागद तरी आहे. माझ्या क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशातल्या, शेजाऱ्याने कुठे शोधायचे?” गुलामाचे नाव मालकाने ठेवलेले, गाव कोणी विचारलेच नाही. गुलामगिरी संपताना भरपाई मिळाली तीही मालकांना. तिथल्या राज्यघटनेतल्या निवडणुकीच्या तरतुदींत हिंदू, मुस्लिम आणि चिनी वंशाचे असे तीन समाज नावानिशी आहेत. उरलेले सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या एकाच खात्यात, आणि त्यांत बहुसंख्य क्रिओल. फेब्रुवारी १९९९ मध्ये एका लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला आणि देशभर दंगल उसळली. त्यामुळे सगळे एकाच होडीतून आले असे म्हणून तिथलाही प्रश्न सुटलेला नाही. कोण कसा आला, कोणाला कसे आणले, हे त्या देशाला लक्षात ठेवावेच लागते.

चहानंतर मी त्यांना नेरूळ गावात फिरवून आणले. टॉवरांच्या मधली अरुंद गल्ली, ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या आजी. पाहुण्यांनी विचारले, “ही माणसे इथे कधी आली?” मी म्हटले, “ही आली नाहीत. आलो ते आम्ही.” हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले. १९९२ पासून मी नेरूळला राहते. कोणी विचारले तर अजून ‘चिपळूणची’ म्हणते, आणि पाणी आले नाही की ‘आमचे नेरूळ’ म्हणून तक्रारही करते.

आमची नवी मुंबई ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर उभी आहे. भातशेती आणि मिठागरे होती तिथे आमचे सेक्टर झाले. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर आले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि जासई व नवघर येथे पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. मी इथल्या शाळेत वीस वर्षांहून अधिक काळ इतिहास शिकवला. मुलांना फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, जासई एकदाही सांगितली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

माझी विनंती एवढीच की नवी मुंबईतल्या सर्व शाळांनी, खासगी शाळांनीसुद्धा, १६ आणि १७ जानेवारी हे दोन दिवस आपल्या वार्षिक नियोजनात घालावेत आणि त्या वेळी गावातल्याच एखाद्या आजी-आजोबांना बोलायला बोलवावे. येत्या १६ जानेवारीला आमच्या सोसायटीतली अकरा मुले घेऊन मी जासईला जाणार आहे. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचे आई-वडील महाराष्ट्राबाहेरून आलेले आहेत. परवानगीची चिठ्ठी त्यांनीच सगळ्यांत आधी सही करून दिली.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नेरूळ, नवी मुंबई