नुसत्या स्वस्त मजुरीनं देश वर येत नाही

महोदय,

बांगलादेशच्या कपडे निर्यातीचा विषय निघाला की वर्तमानपत्रांत आणि आमच्या चहाच्या गाड्यावर एकच उत्तर ऐकू येतं: 'तिथं मजुरी स्वस्त आहे.' मी इचलकरंजीतला खर्चीवाला यंत्रमागधारक आहे. गेली तीस वर्षं दुसऱ्याची बिमं, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ, मजुरीवर विणून देतो. मला हे उत्तर पटत नाही. स्वस्त मजूर आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत होते, आपल्या बिहारातही होते. मग शर्ट ढाका-चितगावातच का शिवले गेले?

सत्तरच्या दशकात बांगलादेश परदेशी पाठवायचा तो मुख्यतः ताग. 1974 मध्ये श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर कोटा बसवला आणि दक्षिण कोरियाचा माल अडला. कोट्यात न अडकलेला देश देवू ही कोरियन कंपनी शोधत होती. नूरुल कादर या माजी सनदी अधिकाऱ्यानं चितगावात 'देश गारमेंट्स' काढली आणि देवूशी करार केला. इथवर नशिबाची साथ होती, हे मान्य. पण 1979 मध्ये त्यांनी 130 माणसं कोरियातल्या बुसानला पाठवली. सहा महिने ती देवूच्या कारखान्यात कटिंग, शिलाई, तपासणी आणि माल वेळेवर बोटीत चढवणं शिकली. परत आल्यावर काही वर्षांत त्यांतली 115 माणसं कंपनी सोडून गेली. कुणी स्वतःचा कारखाना टाकला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. त्या कंपनीला ते जड गेलं असेल, पण कसब देशभर पसरलं ते त्यांच्यामुळेच.

सरकारनं दोन साध्या सोयी केल्या. परदेशी गिऱ्हाइकाचं पतपत्र, म्हणजे त्याच्या बँकेची पैसे देण्याची हमी, दाखवलं की त्याच्याच आधारावर बँक कापड मागवायला दुसरं पतपत्र काढून देई, म्हणजे कारखानदाराला कापडात स्वतःचं भांडवल अडकवावं लागत नसे. दुसरी सोय बॉन्डेड गोदामाची. कापड जकात न भरता आणायचं, अट एवढीच की त्याचे कपडे होऊन ते देशाबाहेर गेले पाहिजेत. आमच्यासारख्या लहान माणसाला अशा सोयीचं मोल विचारा!

कोरियाही याच वाटेनं वर आला होता. साठच्या दशकात तिथलं सरकार निर्यात करणाऱ्याला स्वस्त कर्ज देई, आणि निर्यात झाली की नाही हे काटेकोर बघे. घाना 1957 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा दरडोई उत्पन्नात कोरियाच्या जवळपास होता. त्याच्याकडे सोनं होतं, कोको होता. पण कोको शेतकऱ्याकडून पडत्या भावानं घेतला गेला आणि नवं कसब हातात आलं नाही.

बांगलादेशची वाट आहे तशी उचलावी असं मी म्हणणार नाही. 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा ही ढाक्याजवळची कपडे कारखान्यांची इमारत कोसळली, अकराशेवर माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी दुसऱ्या दिवशी लोकांना कामावर बोलावलं. एवढ्या बायका-पोरींचा जीव घेऊन मिळालेले डॉलर कुठल्या हिशेबात बसवायचे?

आता आमच्याकडे बघा. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्ये आला. कापड विणण्यात आम्ही कुणाला हार जाणार नाही. पण शर्ट-पँट शिवण्याचा धंदा 2000 सालापर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होता. हेतू चांगला होता. पण नेमक्या 2000 च्या आधीच्या वीस वर्षांत चितगाव-ढाक्याला हजार-हजार मशिनांचे कारखाने उभे राहिले आणि आम्ही ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या, न रंगवलेल्या कापडावरच थांबलो. आजही सरकारशी आमचं भांडण वीजदराचं आणि पिकामागच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर मोजल्या जाणाऱ्या मजुरीचं. ते खरंच आहे, पोट त्यावर आहे. पण प्रोसेसिंग (कापड धुणं-रंगवणं) आणि शिलाई शिकायला गावातली शंभर पोरं-पोरी कुठं पाठवायची, हा विषय एकाही बैठकीत निघत नाही.

दर आठवड्याला व्यापाऱ्याचा माणूस माझं कापड तपासणीच्या टेबलावरून ओढतो. पट्टा दिसला, तार तुटलेली दिसली की खडूची खूण करतो आणि मजुरीतून पैसे कापतो. मग तागा बांधून टेम्पोत जातो. त्याचा पुढं शर्ट होतो की अस्तर, आणि तो कुठल्या गावात शिवला जातो, हे तीस वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.

आपला,
एक खर्चीवाला यंत्रमागधारक, इचलकरंजी