ओळखीच्या दारातून आलेला चोर

सांगली,
९ नोव्हेंबर २०२५

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत मी तुझ्या लॅपटॉपचा विषय काढला, तेव्हा तू हसून म्हणालीस, "बाबा, मी भलत्यासलत्या साइटवर जातच नाही, मग मला कसली भीती?" घरात पाहुणे होते, म्हणून मी गप्प बसलो. पण सप्टेंबरात आपल्या ऑफिसात जे घडले ते तुला अर्धेच ठाऊक आहे, आणि त्यातील माझा वाटा मी तुला सांगितलेला नाही. आता सीएच्या आर्टिकलशिपमुळे, म्हणजे उमेदवारीमुळे, तुझ्या लॅपटॉपवर परक्यांचे ताळेबंद आणि बँकेचे उतारे येऊ लागले आहेत, तेव्हा तो सांगायलाच हवा.

विवरणपत्रांची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवून मिळाली होती आणि ती संपायला चार दिवस उरले होते. रात्री नऊच्या सुमारास एका अशिलाच्या देणगीसाठी मला एका संस्थेचा ८०जी नोंदणी क्रमांक, म्हणजे देणगीवर करसवलत मागताना लागणारा क्रमांक, हवा होता. तिचे संकेतस्थळ मी पाच-सहा वर्षे वापरत आलो आहे. त्या रात्री पान उघडले, अंधुक झाले आणि मध्यभागी 'मी रोबोट नाही' अशा अर्थाची नेहमीची चौकट आली. मी खूण केली. मग तीन सूचना आल्या : विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि 'व्ही', मग एंटर. आयकराच्या आणि जीएसटीच्या पोर्टलवर दिवसातून वीस वेळा कॅप्चा भरणाऱ्या माणसाचा हात अशा वेळी डोक्याला विचारत नाही. स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात खाली लहानशी खिडकी उघडली, तीत एक ओळ येऊन पडली आणि मी एंटर दाबले. एक काळी चौकट क्षणभर चमकून गेली, पान स्वच्छ दिसू लागले, मी क्रमांक उतरवून घेतला आणि घरी आलो.

त्या लहान खिडकीत मला काय दिसले होते, ते नीट ऐक. तिथे 'पडताळणी क्रमांक' असे काहीतरी साळसूद लिहिलेले होते. पण ती खिडकी अरुंद असल्यामुळे लांब ओळीचे शेपूटच तेवढे दिसते. डोके डावीकडे दडलेले असते. त्या डोक्यात पॉवरशेलला, म्हणजे विंडोजमध्ये लेखी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलेली आज्ञा होती, की अमुक पत्त्यावरून अमुक फाइल आण आणि चालव. चौकटीत खूण केली त्याच क्षणी पानाने ती आज्ञा माझ्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागी, ठेवली होती, आणि मी ती स्वतःच्या हाताने चिकटवली. २०२४ पासून फैलावलेल्या या युक्तीला 'क्लिकफिक्स' म्हणतात, हे मला मागाहून कळले.

दोन दिवसांनी मिरजेच्या एका अशिलाचा फोन आला, "साहेब, नोटिशीची ही कसली लिंक पाठवलीत?" माझ्या मेल खात्यातून चाळीसएक जणांना पत्रे गेली होती. मला सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट ही की, त्या खात्याला मोबाइलवरील ओटीपीचे कुलूप होते आणि मला एकही ओटीपी आलेला नव्हता. त्याचे कारण असे. आपण एकदा लॉगिन झालो की ती सेवा आपल्या ब्राउझरजवळ एक कुकी ठेवते, आणि पुढे प्रत्येक वेळी तीच पाहून आपल्याला आत सोडते. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरील बिल्ल्यासारखे ते आहे : बिल्ला आणील त्याच्या हातात चप्पल पडते, माणूस कोण हे कोणी विचारत नाही. चोराने पासवर्ड फोडला नाही, बिल्लाच उचलला. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही असेच जातात. या जातीच्या 'लुमा' नावाच्या प्रोग्रॅमविरुद्ध मे २०२५ मध्ये कारवाई झाली, तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत तो ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांत आढळल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते.

मी त्या संस्थेला फोन केला, तर तेथील कारकून म्हणाला की, आमच्याकडे तर साइट व्यवस्थित उघडते आहे. तो खोटे बोलत नव्हता. अशी बरीच संकेतस्थळे वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर बांधलेली असतात, बांधून देणारा मुलगा कधीच दुसरीकडे गेलेला असतो आणि त्याला जोडलेले लहान प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, वर्षानुवर्षे कोणी अपडेट करत नाही. त्या जुन्या प्लगइनच्या फटीतून शिरलेला भामटा पानात चार ओळी घालतो, आणि त्या ओळी पुष्कळदा निवडक लोकांनाच दर्शन देतात : जो विंडोजवर आहे, जो गुगलवरून आला आहे, जो पहिल्यांदाच आला आहे. रोज साइट उघडणाऱ्या मालकाला त्या दिसतच नाहीत. म्हणून 'मी चांगल्याच साइटवर जाते' या तुझ्या वाक्याला माझा आक्षेप आहे. साइट चांगली असते, तिचे मालकही सज्जन असतात, आणि तरीही त्या दिवशीचे पान चोराचे असू शकते.

हा प्रकार नवा नाही. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी रशियातील आणि आसपासच्या देशांतील वृत्तसंकेतस्थळांवर फ्लॅश प्लेअर अपडेट करण्याची सूचना झळकली. ती स्वीकारणाऱ्यांच्या संगणकात 'बॅड रॅबिट' शिरला, फायली कुलूपबंद झाल्या आणि ०.०५ बिटकॉइनची खंडणी मागितली गेली. कीव्हची मेट्रो आणि ओडेसाचा विमानतळ त्यात अडकले. ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅश बंदच झाले, तरी 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा' हे सोंग आजही चालू आहे. कधी पान निर्दोष असते आणि त्यावरील जाहिरात विषारी असते. २०१४ च्या आरंभी युरोपात याहूच्या पानांवर तसे झाले होते. त्या काळी जुन्या जावा किंवा फ्लॅशमधील दोषामुळे नुसते पान उघडणेही पुरे होई. आता ब्राउझर बरेच पक्के झाले आहेत आणि पानाला आपल्या चौकटीबाहेर सहजी पाऊल टाकता येत नाही, म्हणूनच चोर घरच्या माणसाकडून आतली कडी काढून घेतो. तेव्हा एक खूण पक्की धर : पानाने तुला ब्राउझरच्या बाहेर काही करायला सांगितले, म्हणजे कळा दाबायला, काही चिकटवायला किंवा फाइल उतरवून चालवायला सांगितले, तर ते पान कोणाचेही असो, ती टॅब बंद कर.

ब्राउझरचे अपडेट त्याच्याच मेनूतून येते, पानावरून नाही. ते आपोआप उतरते हे खरे, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत लागू होत नाही, आणि तुझ्या लॅपटॉपवर दिवाळीत मी साठ-सत्तर टॅब मोजल्या, त्यातल्या काही गणपतीपासूनच्या होत्या. तू म्हणशील की, अपडेटमधूनही विष येतेच. येते. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम पसरला आणि इकडे आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. तरीही त्याच वर्षी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने मे महिन्यात धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरचा विंडोजचा उपाय मार्चमध्येच आलेला होता आणि अनेकांनी तो लावलेला नव्हता. दोहोंत मी अपडेट करण्याच्या बाजूचा आहे.

तुझा लॅपटॉप अजून विंडोज १० वर आहे आणि त्याची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबरला बंद झाली. नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स मिळतात. ती नोंदणी याच आठवड्यात कर, पुढच्या वर्षी नव्या लॅपटॉपचे मी पाहतो. ब्राउझरला जोडायचे, जाहिराती रोखणारे एक चांगले एक्स्टेंशन ठेव आणि बाकीची काढून टाक. अँटिव्हायरस विंडोजचाच पुरे आहे. मात्र मी आज्ञा दिली तेव्हा माझ्याही संगणकात तो जागाच होता. रोजच्या कामाला ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वापरू नकोस, पण त्यावरही विसंबू नकोस, कारण कुकी चोरायला तेवढा अधिकार लागतच नाही. पासवर्ड ब्राउझरमध्ये न साठवता वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेव, आणि डीएससीचे, म्हणजे डिजिटल सहीचे, टोकन सही झाली की काढून पेटीत टाक. आपल्या व्यवसायातील निम्मे लोक ते दिवसभर यूएसबीत खोचून ठेवतात. मीही ठेवत असे.

इतके करूनही चूक झालीच, तर आधी वायफाय तोड. मी त्या वेळी घाबरून त्याच संगणकावर बसून सगळे पासवर्ड बदलले, म्हणजे नवे पासवर्डही चोराच्याच ओंजळीत घातले. ते फोनवरून बदलायचे असतात, आणि बदलल्यावर प्रत्येक खात्यात 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरायचा असतो, म्हणजे जुने बिल्ले रद्द होतात. पैशांचा संबंध असेल तर बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन कर. तुझ्या सरांना त्याच दिवशी सांग. मी अशिलांना सांगायला दीड दिवस लावला, तो लाजेपायी. संगणक पुसून विंडोज नव्याने घालावे लागले. फायली वाचल्या त्या केवळ कपाटातील हार्ड डिस्कमुळे.

तशीच एक हार्ड डिस्क तुझ्यासाठी घेतली आहे. शेजारचे काका गुरुवारी पुण्याला येत आहेत, त्यांच्याबरोबर चकलीच्या डब्यातून पाठवतो. दर रविवारी कॉपी घे आणि वायर काढून ठेव, कारण जोडलेली डिस्कही खंडणीवाले कुलूपबंद करतात. आईने डब्यावर 'आधी चकली' असे लिहिले आहे. तू आधी डिस्क काढ, नाहीतर तेलकट होईल.

तुझे,
बाबा

ता. क. : त्या संस्थेची साइट आता दुरुस्त झाली आहे म्हणे. ८०जी क्रमांक मी हल्ली फोनवरच विचारतो.