लालबागच्या त्या काकूंचे आभार

मुंबईहून विमानाने थेट लेह, म्हणजे एका दिवसात ३,५०० मीटर, आणि दुसऱ्याच दिवशी त्याहून कितीतरी उंच खिंड, खारदुंग ला. घाई आमचीच. वर पोचताच आईचं डोकं ठणकू लागलं, उलटी झाली. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ६४ टक्के. माझे हातपायच गळाले.

तेवढ्यात "मराठी का तुम्ही?" म्हणत एक काकू आल्या. आधी त्यांनी आईचं बोट दोन्ही तळहातांत धरून चोळलं. गारठलेल्या बोटावर मशीन भलतंच दाखवतं म्हणे. मग आकडा आला ७१. "फोटोबिटो राहू द्या, आधी खाली उतरा!" त्यांनी दरडावलंच. त्यांच्या ग्रुपमधल्या एका दादांनी स्वतःचा छोटा ऑक्सिजन सिलिंडर आमच्या गाडीत ठेवला. आमच्या ड्रायव्हरभाऊंनी एक अक्षर न बोलता गाडी वळवली.

खिंडीवरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब जवळपास निम्म्यावर येतो, हे नंतर लेहच्या डॉक्टरांकडून कळलं.

आई आता परळला ठणठणीत आहे, तीन जिने चढते आणि मला टोमणे मारते. नावं विचारायची राहूनच गेली. काकू, तुमची जांभळी शाल आमच्याकडे आहे, धुऊन ठेवली आहे.