भाजीला सावली आणि हातगाडीला जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भाज्यांचे भाव पडले की 'शेतकऱ्याला दोन रुपये, ग्राहकाला पंधरा' अशी ओरड सुरू होते आणि सगळा राग हातगाडीवाल्यावर निघतो. मी यावल तालुक्यात भाजीपाला पिकवतो. भाव पडल्याचा चटका सर्वांत आधी मलाच बसतो. तरीही हातगाडीवाला आम्हाला लुटतो हे मला मान्य नाही.

मेथी, कोथिंबीर आम्ही उन्हं कलल्यावर उपटतो. बायका रात्री अंगणात बसून माती झटकतात, जुड्या बांधतात आणि ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवतात. मध्यरात्रीनंतर टेम्पो येतो. त्यात चार गावांचा माल एकावर एक चढतो आणि खालच्या थरातली पानं तिथेच तापायला लागतात. पहाटे लिलाव होतो. पालेभाजी शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांच्या भावानं जाते, वांगी-गिलकी कॅरेटवर. अख्खा ढीग एकटीला झेपत नाही, म्हणून दोघी-तिघी विक्रेत्या मिळून घेतात, तिथेच जमिनीवर वाटे पाडतात आणि भाड्याची रिक्षा करून शहराकडे निघतात. बऱ्याच जणींचा माल उधारीचा असतो. संध्याकाळी गल्ला मोजून आडत्याचे, म्हणजे लिलाव करणाऱ्या दलालाचे पैसे चुकते करायचे, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी माल मिळतो.

मग ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दहा वाजले की मेथी मान टाकते. पाणी मारलं नाही तर सुकते, जास्त मारलं तर आतून सडते. सकाळी पंधराला असलेली जुडी दुपारी दहाला आणि दिवेलागणीला पाचला द्यावी लागते. उरली ती गुरांपुढे. सकाळच्या पंधरा रुपयांत हे सगळं नुकसान धरलेलं असतं, हे घासाघीस करणाऱ्या ग्राहकानं एकदा लक्षात घ्यावं.

२०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकायला मोकळा केला, आणि आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. निर्णय आमच्या बाजूचाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाजीच्या लिलावात खरेदीदार म्हणजे पुष्कळदा हीच डोक्यावर पाटी घेऊन निघालेली बाई असते, याचा विचार कुणी केला? शिवाय आमच्या भागातल्या एका बाजारात कच्च्या चिठ्ठीवर माझ्या पट्टीतूनही, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबातूनही, रक्कम कापली गेली आहे. पक्की पावती मागितली तेव्हा पुढच्या वेळी माल शेवटी पुकारला गेला. ऊन वर आल्यावर पुकारलेल्या मेथीला काय भाव येणार!

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार ग्राहकाच्या रुपयातले केळी उत्पादकाला सुमारे ३१ पैसे मिळतात, टोमॅटो उत्पादकाला ३३. बाकीचे पैसे सगळे कुणाच्या तरी खिशात गेले असं आपण धरून चालतो. त्यातले कितीतरी वाहतुकीत, हमालीत आणि उकिरड्यावर जातात. उकिरड्यावर जाणारे तरी वाचवता येतील.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. दिल्लीच्या पुसा संस्थेनं विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणजे विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू आणि त्या वाळूवर दिवसातून दोनदा पाणी. विजेची गरज नाही. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त, त्यामुळे खानदेशच्या उन्हाळ्याला तो अगदी साजेसा आहे. गावात टेम्पो जिथे थांबतो तिथे एक, लिलावाच्या ओट्याजवळ एक आणि शहरात विक्रेत्यांच्या जागेजवळ एक, एवढं झालं तरी संध्याकाळची मेथी दुसऱ्या दिवशी विकता येईल. बाजार समितीनं ओट्यावर छप्पर आणि पिण्याचं पाणीही द्यावं. बायका पहाटेपासून तिथे ताटकळत असतात.

शहरातल्या जागेचं काय? पथविक्रेता कायदा २०१४ सालचा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवू नये, जप्त मालाची यादी द्यावी आणि नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. माझ्याकडून वांगी घेणाऱ्या एका ताईंची गाडी अतिक्रमणाच्या गाडीत चढवली, यादी दिली नाही. दोन दिवसांनी हातात आली ती भरताची वांगी काळी पडून मऊ झालेली होती. त्या वांग्यांचे पैसे त्यांनी मला मात्र पूर्ण दिले.

आपल्या वृत्तपत्राने भावाच्या बातमीबरोबर एवढं विचारावं: जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नगरसंस्थांनी किती भाजीविक्रेत्यांना प्रमाणपत्रं दिली, आणि बाजार समित्या पुढच्या उन्हाळ्याआधी लिलावाच्या ओट्यावर छप्पर घालणार आहेत का.

आपला,
एक भाजीपाला उत्पादक,
यावल तालुका, जि. जळगाव