रात्री सोबतीला कोण होतं?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुला डेंग्यू झालाय हे मला केदारच्या बायकोकडून कळलं. तिनं मोबाइल पुढे केला आणि आधी दिसला तो तुझा हात. सलाइनची सुई, पट्टीवर निळ्या पेनानं घातलेली तारीख. खाली लाल बदाम, जोडलेले हात, 'गेट वेल सून'. किती जणांनी लिहिलं होतं! पण रात्री सोबतीला कोण होतं? फोनवर तू 'सगळे होते गं' म्हणालीस. सगळे म्हणजे कोण, हे विचारायच्या आत डॉक्टर आले, म्हणून लिहितेय.

रागावलेली नाही. तुझे फोटो मलाही आवडतात. बालेकिल्ल्यावरचा तो पहाटेचा राजगड मी शाळेत सगळ्यांना दाखवला. 'पोरीला नजर आहे' असं हेडमास्तर म्हणाले, तेव्हा दिवसभर माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. आणि लाइक कमी पडले म्हणून तोच फोटो तू काढून टाकलास? फेसबुकवर ते बटण २००९ साली आलं, तू तिसरीत होतीस. तोवर तू चित्रं काढून कणगीमागच्या भिंतीला डकवायचीस. कुणी बघो न बघो, ती तिथं असायची. इन्स्टाग्रामवर २०२१ पासून लाइकचा आकडा लपवता येतो म्हणे. लपव ना. माणसानं आपली किंमत अशी रोज दुसऱ्याला विचारत बसू नये.

बघ, लागले उपदेश करायला. आजारी माणसाला हे बोलायचं नसतं. माफ कर.

आजीचं मिरजेला ऑपरेशन झालं तेव्हा तू पोटात होतीस. घरात फोन नव्हता. नंदावन्सं सकाळच्या एसटीत कंडक्टरकडे डबा द्यायच्या, बाबा स्टँडवर जाऊन घ्यायचे. मऊ भात, मेतकूट, लिंबाच्या लोणच्याची एक फोड. आणि बांधावरून ज्यांच्याशी आपलं बोलणं बंद होतं ते तात्या रात्री वॉर्डाबाहेर घोंगडी टाकून झोपले. बाबांशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी उठून गेले, रात्री परत हजर. त्या घोंगडीचा तंबाखूचा वास मला अजून आठवतो.

पुण्यात तुझं असं कुणी आहे का गं? एकच असू दे. रात्री दोनला हाक मारली तर येणारं.

ताप उतरला म्हणून तू डिस्चार्ज मागतेयस. पण डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. पोटात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर ते बघायला जवळ माणूस हवं. खोलीवर एकटी जाऊ नकोस. मनानं कुठलीही वेदनाशामक गोळी घेऊ नकोस.

ती शेजारच्या खोलीतली कोल्हापूरची मुलगी, तुझ्यासाठी मुगाची खिचडी आणायची ती, तिच्याशी बोलणं आहे ना अजून? तिचा नंबर पाठव. मी उद्या सकाळच्या गाडीनं निघतेय. नको म्हणू नकोस, बाबांनी तिकीट काढलंय. मी पोचेपर्यंत तिला थांबायला सांगते.

तुझी,
आई