ओव्हरकॉलनंतर पुन्हा बोलायचं का?

पुणे

प्रिय मित्रा,

ब्रिजच्या त्या डावातली तू कळवलेली पानं टेबलावर मांडून पाहिली. इस्पिकचे राजा, राणी, दश्शी, सत्ती, चव्वी. बदामाचा राजा आणि दोन बारकी. चौकटची दोन बारकी. किलवरचा एक्का आणि दोन बारकी. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2 धरून 12 पॉइंट. उजवीकडच्याने एक चौकटने (म्हणजे चौकट हुकूम करून सहा अधिक एक, असे सात हात करण्याच्या बोलीने) सुरुवात केली, त्याच्यावर तू एक इस्पिक म्हणालास, हाच तुझा ओव्हरकॉल. डावीकडून दोन चौकट, तुझा भिडू पास, बोली सुरू करणारा ओपनरही पास. मग तू दोन इस्पिक म्हणालास आणि दोन हातांनी पडलास, म्हणजे आठऐवजी सहाच हात झाले. आणि आता ‘ओव्हरकॉल केला की पुन्हा तोंड उघडायचंच नाही’ असं ठरवून बसला आहेस. ते मात्र ठरवू नकोस.

तिथे बोलायलाच हवं होतं. ते दोघे दोन चौकटवर थांबले, म्हणजे त्यांच्याकडे गेमएवढी (बोनस मिळवून देणाऱ्या मोठ्या बोलीएवढी) ताकद नाही. तुझे 12 धरले तर भिडूकडेही थोडेफार पॉइंट असणारच. तो गप्प बसला कारण त्याच्याकडे इस्पिकची साथ नव्हती आणि स्वतःचा सूट (रंग) दोनच्या पातळीवर मांडण्याइतका जोर नव्हता. त्याची पानंच बघ ना: एकटी अठ्ठी इस्पिकची, पण पाच बदाम! तू पुन्हा इस्पिक म्हटलंस, म्हणजे एकदा सांगितलेलंच परत सांगितलंस. डबल म्हणाला असतास तर त्याला कळलं असतं: ‘पाच इस्पिक तुला माहीत आहेत, बाकीच्या दोन सूटनाही माझा आधार आहे, चौकट थोडेच आहेत, आता तू निवड.’ तो दोन बदाम म्हणाला असता आणि आठ हुकमांवर खेळ झाला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे. ओव्हरकॉलमध्ये तू भिडूला एक गोष्ट सांगतोस: पाच पानांचा बरा सूट आणि साधारण 8 ते 16 पॉइंट. पुढचा निर्णय बहुतेक वेळा त्याचा. पुन्हा बोलायचं ते त्याला अजून न कळलेलं काही तुझ्याकडे असेल तेव्हाच. सहावं पान, दुसरा सूट, किंवा शत्रूच्या सूटमध्ये तुटवडा आणि बाकीकडे आधार. नुसते ‘चांगले 12’ हे नवीन नाही, ते त्याने आधीच धरलेले असतात. आणि समोरचे अजून चढत असतील, म्हणजे तुझ्या एक इस्पिकवर दोन बदाम, मग तीन चौकट असं चाललं असेल, तर याच पानांवर निमूट पास. तिथे ताकद त्यांची आहे आणि बोली अजून संपलेली नाही.

भिडूने साथ दिली की हिशेब बदलतो, आणि मला सर्वांत आवडतो तो हा भाग. समज, दोन चौकटवर तो दोन इस्पिक म्हणाला आणि ओपनर तीन चौकटवर गेला. फ्रान्सच्या ज्याँ-रने व्हेर्न यांनी मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो: प्रत्येक बाजू आपापल्या हुकमावर खेळली असं धरलं, तर दोन्ही बाजूंचे हुकूम मिळून जितके, साधारण तितकेच दोन्ही बाजूंचे हात मिळून होतात. तुझे पाच, त्याचे तीन, म्हणजे आठ. त्यांचेही आठ धर. एकूण 16. ते आठच हात करणार असतील तर तुमचेही आठच होतात. त्यांना पाडून 50 गुण मिळायचे, ते सोडून तू तीन इस्पिक म्हणून स्वतःच 50 देतोस. पण तुझ्याकडे सहा इस्पिक असते तर एकूण 17. त्यांचे नऊ झाले तर तुमचे आठ, 110 ऐवजी 50च गेले. तुमचे नऊ झाले तर तुला 140. दोन्हीकडून फायदा, म्हणून सहाव्या पानावर बेधडक बोल. व्हल्नरेबल असताना (ज्या डावात पडल्याचा दंड जास्त असतो तेव्हा) मात्र सांभाळ, समोरच्यांचा दंड वाढवणारा डबल बसून एक हात जरी पडला तरी 200 जातात, आणि पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) ते कशानेच भरून निघत नाहीत.

शत्रूच्या सूटमधली राणी-गुलाम जोडी दिसली की मी पासकडे झुकतो. ती पानं बचावात हात देतात, आपल्या खेळात फारसा नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. पुढे कुठपर्यंत जायचं हे ओव्हरकॉल करतानाच मनाशी पक्कं करत जा. तू बराच वेळ विचार करून पास म्हणालास, तर तुझ्या थांबण्यावरून भिडूला जे कळलं ते वापरायची त्याला मुभा नसते. तुझे भिडू वयाने मोठे आणि फार सरळ गृहस्थ. अशा वेळी बिचारे हातातली योग्य बोलीही सोडून देतील.

दिवाळीत तू आलास की आपण दोघं जोडीने बसू. त्याआधी हे ठरवून टाकू: त्यांचे चौकट आणि आपले इस्पिक असतील तर त्यांच्या तीन चौकट आणि आपल्या तीन इस्पिकच्या मधला तीन बदाम म्हणजे गेमचं आमंत्रण, आणि तीन इस्पिक म्हणजे फक्त झुंज, पुढे जायचं नाही. त्यांचेच बदाम असतील तर मध्ये जागा उरत नाही, तेव्हा त्यांच्या तीन बदामवर डबल म्हणजे आमंत्रण. पटतंय का, ते कळव. आणि तीनच्या पातळीवर साथ देताना चार पानं हवीतच की नाहीत, यावर तुझं मत काय, तेही लिही.

तुझाच
मित्र